ऑपरेशननंतरचे जुलाब: सर्जिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

सर्जिकल वॉर्डात नव्या सिस्टरचं आणि इंटर्नचं सगळं लक्ष टाक्यांवर असतं. ड्रेसिंग ओलं झालं का, ड्रेनमध्ये किती आलं, ताप आहे का. ते बरोबरच आहे. पण सकाळी हँडओव्हरला ‘बेड नंबर नऊ, लूज मोशन’ एवढं म्हणून सगळे पुढच्या बेडकडे सरकले, की मी तिथेच थांबते. किती वेळा? कशी? कधीपासून? कोणतं अँटिबायोटिक चालू आहे आणि आज त्याचा कितवा दिवस? चारपैकी तीन उत्तरं बहुतेक वेळा मिळत नाहीत.

नागपुरात सर्जरीच्या वॉर्डात मला २२ वर्षं झाली. टाक्यांत पू झाला तर दहा जण बघतात. संडास मात्र मावशी बघते, आणि मावशीला कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आधी ओळख करून घ्या

ऑपरेशनच्या रुग्णाला आतड्याचा जंतुसंसर्ग अनेक जंतूंनी होऊ शकतो. उन्हाळ्यात नातेवाईक बाहेरून बर्फ घातलेला उसाचा रस आणतात, त्यातून साल्मोनेला, शिगेला काहीही येऊ शकतं. पण वॉर्डातच लागण होऊन वॉर्डातच पसरणारा आणि आपल्याच औषधांनी वाट मोकळी करून दिलेला जंतू म्हणजे क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल. तोंडी नाव ‘सी-डिफ’. १९३५ मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला अवघड गेला, म्हणून नावात ‘डिफिसिल’ आलं. जुन्या पुस्तकांत त्याचं पहिलं नाव क्लोस्ट्रिडियम असं दिसेल, ते २०१६ मध्ये बदललं. अँटिबायोटिकनंतर मोठ्या आतड्याला येणारी गंभीर सूज याच्या विषामुळे असते, हे १९७८ मध्ये कळलं.

काम कसं चालतं तेवढं समजून घ्या, पुढचं सगळं आपोआप लक्षात राहील. आपल्या आतड्यात चांगले जंतू खच्चून भरलेले असतात. पाटी भरून लिहिलेली असेल तर नवीन काही लिहायला जागाच नसते, तसं. अँटिबायोटिक ही पाटी पुसून टाकतं. मग सी-डिफ वाढतो, दोन प्रकारची विषं सोडतो आणि आतड्याचं अस्तर सुजतं. क्लिंडामायसिन, सेफ्ट्रिअॅक्झोनच्या जातीची सेफॅलोस्पोरिन्स, सिप्रो-लिव्हो ही फ्लुरोक्विनोलोन्स आणि मेरोपेनेमसारखी औषधं यात आघाडीवर. म्हणजे आपल्या ट्रॉलीवर रोज जे असतं तेच.

दुसरी गोष्ट त्याच्या बीजाणूंची. बाहेर पडल्यावर हा जंतू स्वतःभोवती कडक कवच करून घेतो. त्या अवस्थेत तो बेडच्या कठड्यावर, बेडपॅनवर, कमोडच्या कडेवर महिनोन्‌महिने टिकतो. अल्कोहोलने मरत नाही. वॉर्डातल्या साध्या फिनाईलनेही नाही.

पायरी पहिली: अॅडमिशनलाच पिशवी उघडा

नागपुरात ऑपरेशनला येणारा रुग्ण नुसता नागपूरचा नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून येतात, बालाघाट-छिंदवाड्याहून येतात. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी हॉस्पिटलं असोत, मिहानमधलं एम्स असो की धंतोलीतलं खाजगी हॉस्पिटल, तिथे पोहोचेपर्यंत दोन-तीन दवाखाने झालेले असतात. ‘याआधी अँटिबायोटिक घेतलं का?’ असं विचारलं तर ‘नाही जी’ हेच उत्तर मिळेल. खोटं नसतं ते. त्यांच्या लेखी ती ‘तापाची गोळी’ आणि ‘ताकदीची सुई’ असते.

म्हणून पिशवी मागा. प्रत्येकाकडे एक कापडी पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. पट्ट्या कॉटवर ओळीने मांडा आणि मागची नावं वाचा. गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक गेलं, ते केसपेपरवर लिहा. सोबत अॅसिडिटीची गोळी, जिला सगळे नुसतं ‘पॅन’ म्हणतात, किती दिवसांपासून चालू आहे तेही लिहा. तिच्याने सी-डिफचा धोका थोडा वाढतो, आणि ती का चालू आहे हे अनेकदा कोणालाच ठाऊक नसतं. वय ६५ च्या वर, पोटाचं ऑपरेशन, नाकातून नळीने आहार, आधीचा मोठा मुक्काम: यातलं काही असेल तर तो रुग्ण जास्त लक्ष ठेवण्याचा.

पायरी दुसरी: अँटिबायोटिकचा दिवस मोजा

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सी-डिफ टाळण्याचं अर्धं काम इथे होतं.

ऑपरेशनआधी जो डोस देतात त्याचं काम चिरा देताना रक्तात औषध भरपूर असावं एवढंच. बहुतेक ऑपरेशनांना सेफॅझोलिन चालतं आणि ते चिऱ्याच्या आधीच्या ६० मिनिटांत जायला हवं. ऑपरेशन ४ तासांपेक्षा लांबलं किंवा रक्तस्राव फार झाला तर टेबलावरच पुन्हा एक डोस. मग थांबायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की टाक्यांचा संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर पुढे चालू ठेवू नये.

आणि आपल्याकडे? साध्या हर्नियाला पाच दिवस इंजेक्शन, मग घरी जाताना पाच दिवस गोळ्या. ‘धूळ आहे, गर्दी आहे, आपल्याकडे चालत नाही’ असं सांगतात. धुळीचं उत्तर झाडू आणि साबण. पाच दिवसांच्या इंजेक्शनने धूळ कमी होत नाही, आतड्यातले चांगले जंतू तेवढे मरतात. जिथे खरोखर संसर्ग आहे, अपेंडिक्स फुटलं आहे, पोटात पू आहे, तिथे औषध पूर्ण द्यायलाच हवं. तो उपचार झाला, प्रतिबंध नव्हे. दोन्हींची गल्लत होते म्हणून सगळं बिघडतं.

नव्या सिस्टरने सर्जनशी वाद घालावा असं मी म्हणत नाही. तुम्ही एवढंच करा: ट्रीटमेंट शीटवर प्रत्येक अँटिबायोटिकच्या पुढे रोज दिवसाचा आकडा लिहा. ‘दिवस ४’. राऊंडला शीट हातात देताना मोठ्याने वाचा, ‘सर, सेफ्ट्रिअॅक्झोन, आज चौथा दिवस.’ बस. आकडा कानावर पडला की बहुतेक सर स्वतःच म्हणतात, ‘अरे, बंद करा ना.’ बंद करायचं कोणाला नको नसतं, लक्षातच नसतं.

पायरी तिसरी: संडास मोजा आणि बघा

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली तर सी-डिफचा विचार करायचा. पातळ म्हणजे डब्यात घेतली तर डब्याचा आकार घेईल अशी. संडासाचे प्रकार चित्रांत दाखवणारा ब्रिस्टॉल चार्ट भिंतीवर लावलेला असेल तर त्यातला ६ आणि ७ नंबर. चार्ट नसेल तर मावशीला विचारा, तिच्याइतका अचूक चार्ट मी पाहिला नाही. ‘पाण्यासारखी आहे, हिरवट आहे आणि वास येगळाच आहे जी’ असं ती म्हणाली तर लिहून घ्या. फक्त वासावरून निदान ठरवू नका.

पण प्रत्येक जुलाब सी-डिफ नसतो. नमुना पाठवण्याआधी हे बघून घ्या:

- गेल्या ४८ तासांत रेचक दिलं होतं का? लॅक्ट्युलोज रात्री आपणच पाजायचं आणि सकाळी जुलाबाची तपासणी पाठवायची, हे दर महिन्याला कोणीतरी करतं.
- नळीतून आहार आजच सुरू केला किंवा वेग वाढवला का?
- अपेंडिक्सचं किंवा पोटातल्या पुवाचं ऑपरेशन आहे, थोडी थोडी चिकट, आवेची संडास होते, सारखी कळ येते आणि ताप पुन्हा चढला? ओटीपोटात पू साठलेला असू शकतो. त्याला सोनोग्राफी लागते, जुलाबाची गोळी नाही.
- म्हातारा माणूस, आठ दिवस पोट साफ नाही आणि आता डायपरला सारखं पाणी लागतंय? घट्ट संडासाचा खडा अडकला असेल, त्याच्या कडेने पाणी झिरपतं.
- पित्ताशय काढलेल्यांना काही दिवस पातळ होतं. लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, असेल तर बाहेर पातळच येणार.

यातलं काही नसेल आणि अँटिबायोटिक चालू असेल किंवा गेल्या काही आठवड्यांत झालेलं असेल, तर डॉक्टरांना सांगून नमुना पाठवा. घट्ट संडासाचा नमुना पाठवू नका. कित्येक माणसांच्या पोटात हा जंतू काहीही त्रास न देता राहत असतो, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की विनाकारण औषध सुरू होतं.

नमुन्याबद्दल एक नागपुरी सूचना. सी-डिफचं विष साध्या तापमानालाही दोन तासांत नासू शकतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना डबा खिडकीत ठेवून वॉर्डबॉय मामा जेवायला गेले, तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार. घेतल्या घेतल्या लॅबला पाठवा, नाहीतर नमुन्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. इंजेक्शनच्या फ्रिजमध्ये नाही.

संडास थांबली म्हणून खूश होऊ नका

ही माझी चूक. हॉस्पिटलचं नाव नको, चूक माझीच होती. आतड्याच्या ऑपरेशनचे एक काका, सहाव्या दिवसापासून पातळ संडास, दिवसाला सात-आठ वेळा. आठव्या दिवशी दुपारपासून एकदाही नाही. मी चार्टवर ‘लूज मोशन थांबले’ लिहिलं आणि त्यांच्या मुलीला हसून सांगितलंसुद्धा. संध्याकाळी तीच मुलगी आली. ‘सिस्टर, बाबांचं पोट पाहा ना जी, धोतर ढिलं करून दिलं तरी आवळून राहिलं म्हणतात.’ हात ठेवला तर पोट डफासारखं. नाडी १२४, लघवीच्या पिशवीत दुपारपासून जेमतेम कपभर.

आतडं हलायचंच थांबलं होतं. संडास आतच साठत होती आणि विषही आतच. काका वाचले, पण आयसीयूत बरेच दिवस गेले. तेव्हापासून संडास अचानक बंद झाली की मी आधी पोटाचा घेर टेपने मोजते, मग नाडी, बीपी, लघवी. पोट फुगतंय, नाडी वाढतेय, बीपी पडतंय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय: यातलं एकही दिसलं तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता सर्जनला उठवलं म्हणून आजवर कोणी मला रागावलेलं नाही. रागावलं असतं तरी चाललं असतं.

पायरी चौथी: उपचारात आपला वाटा

औषध डॉक्टर ठरवतील. आपल्याला का आणि कसं हे माहीत हवं.

पहिलं काम, ज्या अँटिबायोटिकमुळे हे झालं ते शक्य असेल तर बंद. दुसरं, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या द्यायच्या नाहीत. लोपेरामाइड दिलं की आतड्याची हालचाल मंदावते आणि मघाच्या काकांसारखी गत होऊ शकते. वॉर्डात कोणाच्या तरी पर्समध्ये ती गोळी असतेच. नातेवाईकही बाहेरच्या मेडिकल स्टोअरमधून आणतात.

नव्या सूचनांत फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती आहे. आमच्या वॉर्डात हाताशी असतं ते व्हॅन्कोमायसिन: १२५ मिलिग्रॅम, दिवसातून ४ वेळा, १० दिवस, तोंडावाटे. शिरेतून दिलेलं व्हॅन्कोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोहोचतच नाही, त्यामुळे या आजारात त्याचा उपयोग शून्य. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची वायलच तोंडाने देतात. ५०० मिलिग्रॅमच्या वायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर घातलं की २.५ मिलीत १२५ मिलिग्रॅम येतं. एक वायल, चार डोस, एक दिवस. सुई नसलेली सिरिंज वापरा, तिच्यावर ‘फक्त तोंडावाटे’ अशी मोठी चिठ्ठी लावा आणि ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला शब्दांत सांगा. वायल दिसली की हात सवयीने आयव्हीकडे जातो. चव कडू असते, थोड्या सरबतात मिसळून द्या.

आजार सौम्य असेल आणि ही दोन्ही औषधं मिळत नसतील तरच मेट्रोनिडॅझोल. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा जास्त, किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर असेल तर आजार गंभीर धरतात. बीपी पडलं, आतडं थांबलं किंवा फुगलं तर व्हॅन्कोमायसिन ५०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी तोंडाने किंवा नळीने, सोबत शिरेतून मेट्रोनिडॅझोल, आतडं थांबलेलं असेल तर एनिमातूनही व्हॅन्कोमायसिन. त्यानेही भागलं नाही तर मोठं आतडं काढावं लागतं. म्हणून सर्जनला पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

बाकी आपलं नेहमीचं काम, पण नीट. पाणी आणि क्षार भरून काढणं, पोटॅशियमवर नजर. तोंडाने चालत असेल तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. चिमूट चिमूट पेल्यात टाकणं बंद करा. प्रत्येक संडासानंतर कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम. तिसऱ्या दिवशी कातडी सोलली की टाक्यांपेक्षा ती जास्त दुखते.

पायरी पाचवी: बाटली बाजूला, साबण हातात

बेडच्या पायथ्याशी टांगलेली सॅनिटायझरची बाटली इतर वेळी चांगलीच. या रुग्णाला हात लावल्यावर मात्र तिचा भरवसा नाही. ग्लोव्ह्ज घाला, काम झाल्यावर काढा आणि साबण-पाण्याने हात धुवा. साबणाने बीजाणू मरत नाहीत, चोळल्याने सुटतात आणि पाण्यासोबत वाहून जातात. म्हणून चोळणं महत्त्वाचं: बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. नळ कोपराने बंद करा. कोपराचा नळ नसेल तर कागदाने धरून बंद करा, धुतलेल्या हाताने नाही. अंगठी आणि घड्याळ घरीच. मंगळसूत्र ड्रेसच्या आत.

शक्य असेल तर रुग्णाला वेगळी खोली, वेगळा संडास. जनरल वॉर्डात हे हसण्यावारी नेतात, मला ठाऊक आहे. मग निदान बेसिनजवळचा टोकाचा बेड, स्वतंत्र कमोड किंवा बेडपॅन, स्वतंत्र बीपीचा पट्टा आणि थर्मामीटर, अंगावर वेगळा गाऊन. जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास हे चालू ठेवा.

फरशी, कठडे, कॉटशेजारचं कपाट, कॉल बेल, नळाची मूठ: आधी साबण-पाण्याने पुसून घ्या, मग हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्के हायपो असेल तर १०० मिलीत ९०० मिली पाणी, म्हणजे ०.५ टक्के द्रावण. लावून १० मिनिटं ओलं राहू द्या. आमच्या उन्हाळ्यात ते पाच मिनिटांतच सुकतं, तर पुन्हा लावा. द्रावण रोज ताजं करा, उन्हात आणि उष्णतेत त्याचा जोर जातो. आणि मावशींना एक गोष्ट नक्की सांगा: संडास धुवायचं अॅसिड आणि हायपो कधीच एकत्र करायचं नाही, विषारी वायू निघतो. डायपर पिवळ्या पिशवीत, चादरी वेगळ्या बांधून लाँड्रीला. चादर झटकायची नाही.

नातेवाईकांना दरडावू नका. ‘छूतची बिमारी आहे का जी?’ असं विचारतील. सांगा, जवळ बसलं की होत नाही, हाताने तोंडात गेलं की होतं. बाबांजवळ बसा, बोला, पण त्यांच्या कॉटवर डबा उघडायचा नाही. ज्या दुपट्ट्याने त्यांना पुसलं त्यानेच आपलं तोंड पुसायचं नाही. खाण्याआधी साबण. बहुतेक लोक ऐकतात, मात्र साबणाची वडी तिथे असली पाहिजे. बेसिनवर साबण नसताना हात धुण्याचं पोस्टर लावणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

पायरी सहावी: सुट्टी देताना

बरं झालेल्या पाचांपैकी साधारण एकाला हे पुन्हा होतं, बहुधा पुढच्या आठ आठवड्यांत. ज्यांना वॉर्डात काहीच झालं नाही त्यांनाही घरी गेल्यावर होऊ शकतं. अँटिबायोटिक संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा जुलाब सुरू होतात. तेव्हा तो रुग्ण धानोऱ्याला किंवा बालाघाटजवळच्या गावात असतो. तिथला डॉक्टर जुलाब बघतो, सिप्रो आणि लोपेरामाइड देतो. त्याचीही चूक नाही, त्याच्यासमोर आपला कागदच नसतो.

जुलाब पूर्ण थांबले आणि रुग्ण बरा असेल तर ‘बरं झालं का’ बघायला पुन्हा संडासाची तपासणी करू नका, बरं झाल्यावरही रिपोर्ट बराच काळ पॉझिटिव्ह येत राहतो. त्या पैशांत एसटीचं तिकीट येईल.

डिस्चार्ज कार्डाच्या मागे, लाल पेनाने, मराठीत आणि मध्य प्रदेशातला असेल तर हिंदीत, मी हे लिहून देते: ‘या रुग्णाचं पोटाचं ऑपरेशन झालं आहे आणि अमुक अँटिबायोटिक अमुक दिवस दिलं आहे. दोन महिन्यांत दिवसातून तीन वेळा पातळ संडास झाली, पोट फुगलं किंवा ताप आला तर जुलाब थांबवायची गोळी किंवा नवीन अँटिबायोटिक स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांना हे कार्ड दाखवा आणि वॉर्डला फोन करा.’ खाली वॉर्डाचा नंबर. मग ते नातेवाईकाकडून मोठ्याने वाचून घेते आणि कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवायला लावते, एक्स-रेच्या खाली नाही.